सालम गाव

‘सदर इसम वर्गवारीच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणीत असून, वार्धक्यामुळे त्यांची बुद्धी स्थिर राहिलेली नाही.’

हे वाक्य माझं आहे. खाली सही साहेबांची होती, पण मजकूर माझा आणि अक्षरही माझं. साहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं की, अडथळा आणतात असं लिहून आणा. त्यापुढचं मी माझ्या मनानं घातलं. पहिला अर्धा भाग वाचून पाहिला तेव्हा तो पोकळ वाटला, वजन येईना. म्हणून दुसरा जोडला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या अक्षराची कचेरीत तारीफ होत असे.

ज्यांच्याबद्दल मी हे लिहिलं त्यांना तेव्हा त्रेपन्नावं चालू होतं. आज मी त्रेपन्न वर्षांचा आहे. वार्धक्य म्हणे!

त्यांना सगळी कचेरी मुन्शीजी म्हणायची, मीही तेच म्हणतो. आमच्या तालुक्याच्या दफ्तरखान्याचे ते कारकून. घराणं तुळजापूरकडच्या पुजाऱ्यांचं, शिक्षण निजामाच्या अमलातलं, सगळं उर्दूत. मराठवाडा मुंबई राज्यात आला तशी कचेरीची भाषा मराठी झाली आणि पन्नाशी उलटलेल्या या माणसाला बाळबोध लिपीत अर्ज लिहिण्याची परीक्षा द्यावी लागली. परीक्षेहून आल्यावर मला म्हणाले, “बार्शीकर, बत्तीस वर्षं मी लिहिता-वाचता होतो. सहा महिन्यांत अंगठेबहाद्दर झालो बघा.” आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

मी बार्शीचा. बार्शी म्हणजे जुन्या सरहद्दीच्या पलीकडची, आधीपासून मुंबई राज्यातली. त्यामुळे नवे नियम, नवे नमुने, नवी वर्गवारी मला ठाऊक आणि इथल्या लोकांना नाही, असा माझा समज. त्या समजाला साहेबांनी खतपाणी घातलं. मुन्शीजींनी मात्र पहिल्या दिवसापासून मला गावाच्या नावानंच हाक मारली. एकदा विचारलं, मला नाव नाही का? तर म्हणाले, “नाव तर एकट्याचं असतं हो. ‘बार्शीकर’ म्हटलं की तुमची आई आली, तुमच्या घरासमोरचा आड आला, तुमची भगवंताची पेठ आली. एकटं नाव घेऊन मी काय करू?”

त्यांचं सगळं असंच. अंगात कायम एक विटकी शेरवानी, तिची खालची दोन बटणं केव्हाच गेलेली. दुपारी डबा उघडला की भाकरी कुस्करायची, तिच्यावर वरण, त्यावर भाजी, वर शेंगाची चटणी, ताक असलं तर तेही, आणि सगळं एकत्र कालवायचं. आम्ही नाकं मुरडली की म्हणायचे, “पोटात काय खाने पाडलेत का, इकडं भाजी, तिकडं वरण?” वर्तमानपत्र हाती आलं की पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. मधली बातमी वाचून दाखवा म्हटलं तर पान पुढं करत. “तुम्हीच वाचा. मी अजून तिथवर आलो नाही.” कलिंगडाची फाक कधी विकत घेतली नाही. सबंध कलिंगड घ्यायचे, ते वागवत वागवत घरी न्यायचे आणि वाटेत अर्धं वाटून टाकायचे.

‘सालम’ हा त्यांचा शब्द. म्हणजे अख्खं, कुठं न मोडलेलं. सालम कलिंगड, सालम बातमी, सालम माणूस. आणि सालम गाव.

कारण त्यांच्या दफ्तरखान्यात कागद नव्हते, गावं होती. एका गावाचा एक बस्ता. बस्ता म्हणजे लाल खारव्याच्या कापडात बांधलेला गठ्ठा. त्यात त्या गावाचं सगळं एका ठिकाणी : शेतांची मोजणी, विहिरींची यादी, देवळाचं इनाम, सरकारी चिंचांचे लिलाव, कोंडवाड्यात सापडलेल्या जनावरांची नोंद, भावाभावांच्या तक्रारी, पुराची खबर. कसर लागू नये म्हणून मधे कडुलिंबाचा पाला. वर एक विशिष्ट गाठ, जी फक्त त्यांनाच सुटायची.

कुणी येऊन एखादा कागद मागितला की ते म्हणायचे, “कागद मागू नका. गाव मागा.” मग बस्ता खाली उतरवायचे, जमिनीवर सतरंजी घालायचे आणि कागद मांडायला लागायचे. ही मांडणी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसलो होतो. मधे गावठाण, उगवतीला ओढा असेल तर पुराचे कागद उगवतीला, विहिरी ज्या दिशेला त्या दिशेला, देवळाचं इनाम देवळाच्या जागी. अर्ध्या तासात सतरंजीवर गाव उभं राहायचं. मग ते मधे पाय ठेवायला जागा शोधत उभे राहायचे आणि पक्षकाराला म्हणायचे, “हं. आता सांगा, तुमचं घर कुठं?”

माझ्या डोळ्यांदेखत झालेली एक गोष्ट सांगतो. सोनारीच्या बाजूचे एक शाळामास्तर आले होते. नोकरीसाठी त्यांना जन्माचा दाखला हवा होता आणि त्यांच्या गावचं जन्ममृत्यूचं बुक वाळवीनं खाल्लेलं. दोन वर्षं ते हेलपाटे घालत होते. मुन्शीजींनी गाव मांडलं. दोन तास गेले. मी माझ्या टेबलावरून कुरकुरत होतो. शेवटी कोंडवाड्याच्या कागदांतून त्यांनी एक अर्ज उचलला. मास्तरांच्या वडिलांचा. ‘माझा बैल परक्याच्या जोंधळ्यात शिरला हे खरे आहे, परंतु त्या दिवशी माझी बायको बाळंत होत होती व मी उंबऱ्यावर बसून होतो, बैल सोडून द्यावा.’ खाली तारीख.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “वडील बसले होते व्हय उंबऱ्यावर? मला कधी बोलले न्हाईत.”

“ते तुम्हाला कशाला बोलतील?” मुन्शीजी म्हणाले. “सरकारला बोलले.”

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, “नशीब, कागद सापडला.”

“सापडला नाही, बार्शीकर. ज्या गावात माणूस जन्माला येतो त्या गावात त्या दिवशी काहीतरी हलतंच. कुणाचा बैल सुटतो, कुणाच्या म्हशीचं आंबवण खोळंबतं. जन्माचा कागद नसला तर नसू द्या. जन्म सगळ्या कागदांत असतो.”

हे मला तेव्हा खुळेपण वाटलं. खोटं कशाला बोलू?

आणि हेही सांगायला हवं की त्यांनी माझ्यासाठी काही कमी केलं नव्हतं. नोकरीला लागून तीन महिने झाले असतील, मला ताप भरला. डॉक्टरांची गोळी चालली होती, ताप उतरत नव्हता. चौथ्या दिवशी मुन्शीजी माझ्या खोलीवर आले. कपाळाला हात लावला नाही. दारात उभं राहून खोली पाहिली. उघडा माठ पाहिला, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावलेली खाट पाहिली, खुंटीवरचा तीन दिवसांचा सदरा आणि उशाखालून डोकावणारं, पत्ता न घातलेलं पाकीट.

“आईला पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. का?”

“आजारी आहे असं लिहिलंय. ती काळजी करील.”

“मग करू द्या की. ते तिचं काम आहे. तुम्ही तिचं काम अडवून इथं तापत पडलात.”

त्यांनी खाट ओढून दुसऱ्या भिंतीला लावली, माठावर ताटली ठेवली, पाकिटावर माझ्याकडून पत्ता घालून घेतला आणि ते स्वतः टपालात टाकलं. पुढचे आठ दिवस दोन्ही वेळा त्यांच्या घरून जेवण आलं. मऊ भात आणि कढी, दोन वेगळ्या वाट्यांत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, घेऊन येत. म्हणत, “कालवून देऊ नका असं मीच सांगितलं त्यांना. आजारी माणसाला तरी सोडा.”

त्यानंतर वर्षभरानं मी ते वाक्य लिहिलं.

जिल्ह्याहून तपासणी येणार होती. नव्या पद्धतीप्रमाणे सगळं दफ्तर चार वर्गांत लावायचं होतं. ‘अ’ कायमचं, ‘ब’ तीस वर्षांचं, ‘क’ दहा वर्षांचं, आणि ‘ड’ म्हणजे किरकोळ, जे वर्षानंतर नष्ट करायचं. शेतांचे कागद एका मांडणीत, विहिरींचे दुसऱ्या, इनामांचे तिसऱ्या. काम माझ्याकडे होतं आणि महिन्याची मुदत. मी बस्ते सोडायला सुरुवात केली. मुन्शीजींच्या गाठी सुटेनात तेव्हा कात्री घेतली.

पहिल्या दिवशी मुन्शीजी कापलेले दोरे गोळा करत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “गाव सुटं करू नका. पुन्हा बांधता येणार नाही.”

“नियम आहे, मुन्शीजी.”

“नियम आहे. पण चिंचेचा कागद ‘ड’ आणि शेताचा कागद ‘अ’ असं शेतात असतं का? चिंच शेताच्या बांधावर असते.”

“चिंचेचा लिलाव झाला, चिंचा खाऊन झाल्या. तो कागद आता कशाला?”

यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. उशीखालचं पाकीट पाहिलं होतं तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर आदल्या दिवशी लावलेल्या मांडण्या रिकाम्या. बारा गावं पुन्हा लाल कापडांत बांधून ओळीनं ठेवलेली. कापलेल्या दोऱ्यांना गाठी मारलेल्या. मी पुन्हा सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेली. ते कचेरी उघडण्याआधी दोन तास येऊन बसत होते. असं तीनदा झालं. मी दिवसभर फोडायचं आणि त्यांनी पहाटे जोडायचं. सगळी कचेरी हसू लागली आणि ती मला हसते आहे असं मला वाटलं. मी साहेबांकडं गेलो.

रिपोर्टावर हुकूम निघाला. मुन्शीजींना टपालाच्या टेबलावर बसवलं. दफ्तरखान्याची किल्ली माझ्याकडं आली. तपासणीच्या आधी दोन दिवस कचेरीमागच्या आवारात मी ‘ड’ वर्ग जाळला. कोंडवाडे, चिंचा, पुराच्या खबरा, किरकोळ अर्ज, साठ-सत्तर गावांचे. कागदाबरोबर कडुलिंबाचा पाला जळत होता, त्यामुळे धूर कडवट होता. मुन्शीजी टपालाच्या खिडकीशी बसून पाकिटांवर शिक्के मारत होते. शिक्क्याचा आवाज मधेच थांबे, पुन्हा सुरू होई.

तपासणी उत्तम झाली.

हुकुमातली भाषा कचेरीत पसरतेच. “काय मुन्शीजी, आज बुद्धी स्थिर आहे ना?” असं टपाल टाकायला येणारा शिपाईसुद्धा विचारू लागला. ते हसून म्हणायचे, “सकाळी तर होती.” कुणी लिहिलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण मीच लिहिलं. तेही अक्षर सुंदर आलं होतं.

आणि मी हळूहळू फेडायला लागलो, म्हणजे माझी तशी समजूत होती. त्यांच्या पेन्शनीचे कागद मी धावपळ करून पुढं सरकवले. काकूंना परंड्याच्या बाजारातून औषधं आणून दिली. दिवाळीला तेरखेड्याचे फटाके घेऊन त्यांच्या नातवंडांकडं गेलो. प्रत्येक वेळी थोडं हलकं वाटायचं. मूळ गोष्ट तोंडातून निघायची नाही.

मग गिरजाबाई आली.

तालुक्यातल्या एका गावची ही कुंभारीण. साठीच्या पुढची, कोरडी, ताठ. त्यांचा कुंभारवाडा गावाच्या एका टोकाला आणि मडक्यांची माती तळ्याच्या काठची. मधे एक शेत. पिढ्यान् पिढ्या कुंभारांची गाढवं त्या शेताच्या बांधावरून तळ्याला जात. शेत नव्या मालकानं विकत घेतलं, लिंबं लावली, काटेरी कुंपण घातलं आणि वाट बंद झाली. फेऱ्यानं जायचं तर अडीच कोस. तेवढ्यात गाढवाच्या दोन खेपा संपायच्या आणि दिवसही. चाक थांबायला आलं होतं.

मालक काही वाईट माणूस नव्हता. कचेरीत सरळ म्हणाला, “माझ्या कागदात वाट दाखवा, मी आज कुंपण तोडतो. कागदात नसलेली वाट मी का म्हणून देऊ?”

“वाटंचा कागद दावा म्हनत्यात,” गिरजाबाई मला म्हणाली. “म्या चाळीस वरीस त्या वाटंनं गेली. माझी सासू गेली. गाढवाला ठावं हाय, कागदाला न्हाय व्हय?”

मी मांडण्या धुंडाळल्या. शेताच्या कागदांत वाट नव्हती. विहिरींत नव्हती. इनामांत नव्हती. सुंदर लावलेल्या मांडण्या होत्या, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि गाव कुठंच नव्हतं.

कुणीतरी मुन्शीजींना बोलावलं. मी नव्हे. तहसीलदारांपुढं चौकशी होती, जुने साहेब बदलून गेले होते, हे नवे. चौकशीचा कारकून मी. मुन्शीजी त्याच शेरवानीत आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, गिरजाबाईच्या धाकट्या मुलानं हात धरून आणलं. त्यांनी साक्ष दिली, उभ्यानं, थांबत थांबत.

“वाटेचा वेगळा कागद नाही, साहेब. कधीच नव्हता. पण चिंचांच्या लिलावात ‘तळ्याच्या वाटेवरच्या सात चिंचा’ असं दर साली लिहिलेलं आहे. कोंडवाड्याच्या बुकात ‘कुंभाराचं गाढव, तळ्याच्या वाटेवर बेवारस सापडलं’ असं आहे. आणि पुराच्या साली ‘तळ्याच्या वाटेवर कमरेएवढं पाणी’ अशी खबर आहे. तिन्ही कागद जवळ ठेवले की वाट दिसते. या बांधावरून जाते.”

“ते कागद कुठं आहेत?”

मी तेवढा प्रश्न उतरवून घेतला, मान वर केली नाही.

मालकाच्या वकिलानं वर्गवारीची फाइल मागवली होती. कागद रीतसर नष्ट झाले, एवढंच त्याला दाखवायचं होतं. फाइल उलगडताना त्याचं बोट एका ठिकाणी थांबलं. त्यानं ती साहेबांपुढं ठेवली, साहेबांनी माझ्यापुढं सरकवली. “वाचा.”

मी वाचलं. माझ्याच अक्षरातलं, माझ्याच आवाजात, त्यांच्यासमोर. “…वार्धक्यामुळे त्यांची बुद्धी स्थिर राहिलेली नाही.”

वकील म्हणाला, “पाच वर्षांपूर्वीच हे असं होतं. आज यांच्या आठवणीवर कुणाच्या शेतातून रस्ता काढायचा म्हणजे…”

गिरजाबाईला सगळं कळलं नसावं. ती मुन्शीजींकडं पाहत होती. मुन्शीजी समोर कुठंतरी पाहत होते.

अर्ज फेटाळला गेला. मालकानं आपणहून एक केलं : माणसांना पायी जाऊ देईन म्हणाला, गाढवं नाहीत. गाढवं लिंबं खातात. गिरजाबाईचा थोरला हे ऐकून मोठ्यानं हसला आणि त्याच महिन्यात बार्शीला वीटभट्टीवर गेला. मुन्शीजी म्हणाले, “गाढवाशिवाय कुंभार सालम कसा होईल?”

मी तीन आठवडे नीट जेवलो नाही. मग एका रविवारी दफ्तरखाना उघडला आणि त्या गावाचे कागद गोळा करायला बसलो. चार मांडण्यांतून, एकेक. संध्याकाळपर्यंत मिळाले तेवढे जुन्या क्रमानं लावले, बाजारातून लाल खारवा आणला आणि बांधले. गाठ जमली नाही. दुसऱ्या सकाळी तो बस्ता घेऊन मुन्शीजींच्या घरी गेलो.

ते ओसरीवर उन्हात बसले होते. मोतीबिंदू नुकताच काढलेला, डोळ्यांवर हिरवी पट्टी. मी बस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गावाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. कापडावरून हात फिरवला, वास घेतला.

“पाला घातला नाही.”

“घालतो.”

मग त्यांनी बस्ता दोन्ही तळहातांवर घेतला आणि थोडा वर उचलला. बायका बाजारात भोपळा उचलून पाहतात तसा. बराच वेळ तोलत राहिले.

“कमी आहे.”

“काही कागद वर्गवारीत गेले, मुन्शीजी.”

“गेले? कागदाला पाय असतात का?”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी खाली पाहून म्हटलं, “मी जाळले. ‘ड’ वर्गातले. चिंचांचे, कोंडवाड्याचे, पुराचे. सगळ्या गावांचे.”

“ते मी पाहिलं. खिडकीतून.” बस्ता अजून हातावरच होता. “अजून?”

मी तोंड उघडलं. काकू दारातूनच चहा आणते म्हणाल्या. मी म्हटलं, “एवढंच.”

“बरं,” मुन्शीजी म्हणाले. त्यांनी बस्ता मांडीवर ठेवला, चाचपून माझी गाठ सोडली आणि आपली मारली. बोटांना डोळे लागत नव्हते. “जाळलं त्याचा कागद करा, बार्शीकर. काय होतं, त्यात काय लिहिलं होतं, कुणी जाळलं. तो यात घाला. थोडं वजन येईल. आणि वरच्या साहेबांकडं अपिलाची मुदत अजून आहे. त्या म्हातारीला सांगा.”

निघताना काकू माझ्याबरोबर अंगणाच्या दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक आहे का हो, तो रिपोर्ट कुणी लिहिला? ‘बुद्धी स्थिर नाही’ म्हणून? यांना विचारलं की म्हणतात, ज्यानं लिहिला तो सांगेल.”

मी म्हटलं, “चौकशी करतो.” हे असं मी खरोखर म्हटलं. त्या बाईला, जिनं मला आठ दिवस कढीभात आणून दिला होता.

अपील झालं. निकाल आताच सांगून टाकतो, कारण त्याला फार महत्त्व द्यावं असं मला वाटत नाही : वाट निघाली, गाढवांसकट. गिरजाबाईचं चाक फिरलं, थोरला काही वीटभट्टीवरून परत आला नाही. माझी बढती चार वर्षं अडली. योग्यच झालं.

मला सांगायचा आहे तो स्थळपाहणीचा दिवस. डेप्युटी साहेब जीपनं आले. कुंपणाच्या कडेला एका कडुलिंबाखाली खुर्ची टाकली. मालक, वकील, गावचे पंधरा-वीस जण. गिरजाबाई धाकट्याबरोबर आणि मागं दोन गाढवं, ती तिनं मुद्दाम आणली होती. मुन्शीजी आणि काकू एका घोंगडीवर बसलेले. बस्ता मुन्शीजींपुढं.

मी माझा जबाब लिहून नेला होता. आदल्या दिवशी दोनदा लिहिला. एक लहान, एक मोठा. दोन्ही खिशात होते.

लहान काढला आणि वाचला. अमुक वर्षाच्या तपासणीपूर्वी मी स्वतः अमुक कागद जाळले. जाळण्यापूर्वी यादी करताना मी ते वाचले होते. त्यांत ‘तळ्याची वाट’ असे शब्द तीन ठिकाणी होते. मुन्शीजींची साक्ष शब्दशः खरी आहे. मागच्या चौकशीत मी हे जाणून असून गप्प बसलो.

“ठीक,” साहेब म्हणाले. “एवढं पुरे. सही करा.”

मी सही करायला वाकलो तेव्हा मुन्शीजींकडं नजर गेली. डोळ्यांवर पट्टी, मान थोडी कलती. उजवा हात मांडीवर उताणा होता, जरासा वर उचललेला. काहीतरी तोललं जात होतं.

मी लेखणी खाली ठेवली. दुसरा कागद काढला.

“ते काय आहे?” साहेबांनी विचारलं. “वाटेसंबंधी आहे का?”

“हो, साहेब. वाटेसंबंधीच आहे.”

आणि मी वाचलं. ते वाचताना अक्षर मला दिसत नव्हतं, पण पाठ होतं, आजही आहे :

‘मुन्शीजींची बुद्धी स्थिर नाही असे जे वाक्य रिपोर्टात आहे, ते मी लिहिले. साहेबांनी ते सांगितले नव्हते. ते खोटे आहे आणि लिहिताना मला ते खोटे आहे हे ठाऊक होते. ज्यांनी माझी खाट भिंतीपासून हलवली त्यांच्याबद्दल मी ते लिहिले, कारण कचेरी मला हसत होती. त्या एका वाक्यामुळे ही वाट बंद राहिली, गिरजाबाईचा मुलगा गाव सोडून गेला, आणि काकूंनी विचारले तेव्हाही मी सांगितले नाही. मी या सगळ्याची थोडी थोडी माफी आजवर औषधांत, फटाक्यांत, कागदांत मागत आलो. ती माफी नव्हती. गिरजाबाई, वाट होती, तुम्ही खरं सांगत होता. काकू, तो मी. मुन्शीजी, माझं चुकलं. यात आता काही कमी नाही. मला माफ करा.’